अदृश्य किरणांचा हिशेब

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित केलेल्या या व्याख्यानमालेत विज्ञानविषयक एक पुष्प गुंफावे, अशी आज्ञा विश्वस्त मंडळाने मला केली. मी शास्त्रज्ञ नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि गेली चार दशके कापडाच्या दुकानात गादीवर बसणारा एक सामान्य व्यापारी आहे. शास्त्राशी माझे नाते वाचनापुरतेच. तथापि मोजणे, मोजलेले वहीत उतरविणे आणि वर्षअखेर त्याचा मेळ घालणे हे माझ्या व्यवसायाचे अंगच असल्याने मोजमापाची कोणतीही गोष्ट माझे लक्ष वेधून घेते. म्हणूनच अवकाशात भ्रमण करणाऱ्या उपग्रहांवर जो किरणोत्सर्ग पडतो, तो कसा मोजतात, या विषयावर यथामती चार शब्द सांगण्याचे मी ठरविले आहे.

हा विषय आपल्यापासून दूरचा आहे, असे प्रथमदर्शनी वाटेल. वस्तुतः तो तसा नाही. घरातील दूरदर्शन संच, वादळाची आगाऊ सूचना, मोटारीला वाट दाखविणारी यंत्रणा, या सर्वांमागे कोणता ना कोणता उपग्रह उभा आहे. शिवाय जून २०२५ मध्ये आपले ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर गेले. राकेश शर्मा यांच्या १९८४ च्या उड्डाणानंतर तब्बल एकेचाळीस वर्षांनी एक भारतीय पुन्हा अवकाशात पोहोचला. गगनयानाच्या रूपाने आपल्या देशाच्या स्वतःच्या यानातून माणूस पाठविण्याची तयारीही चालू आहे. ज्या ठिकाणी आपली मुले जाणार, तेथील हवापाणी कसे आहे, याची चौकशी घरातील वडीलधारी मंडळी करतातच. आजचे माझे भाषण ही त्याच प्रकारची चौकशी आहे, असे समजावे.

प्रथम हा किरणोत्सर्ग म्हणजे काय, ते पाहू. अवकाश रिकामे आहे असे आपण म्हणतो. परंतु त्या रिकामेपणात प्रचंड वेगाने धावणारे अतिसूक्ष्म विद्युतभारित कण आहेत. ते तीन ठिकाणांहून येतात. काही कण आपल्या सूर्यमालेच्या बाहेरून, दूरच्या आकाशातून येतात. त्यांना विश्वकिरण म्हणतात. काही सूर्यावरील वादळांच्या वेळी सुटतात. आणि काही पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकून पडतात व पृथ्वीभोवती पट्ट्यांच्या रूपाने फिरत राहतात. जमिनीवर राहणाऱ्या आपणा सर्वांना वातावरणाचे जाड पांघरूण आणि चुंबकीय क्षेत्राची ढाल अशी दोन संरक्षणे लाभली आहेत. उपग्रह जेथे फिरतात तेथे वातावरणाचे पांघरूण जवळजवळ नसतेच, आणि चुंबकीय ढालही सर्वत्र सारखी भक्कम नसते.

हे कण डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांना वास नाही, स्पर्श नाही. उन्हात हात धरला तर चटका बसतो व माणूस हात मागे घेतो. येथे चटकाही बसत नाही. म्हणून या बाबतीत मोजमाप हाच आपला डोळा आणि मोजमाप हीच आपली त्वचा. मोजमाप चुकले तर माणूस आंधळा झाला असेच समजावे. आणि इतिहासात पहिल्याच वेळी हे मोजमाप मोठ्या विलक्षण रीतीने फसता फसता वाचले.

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत रशियाने पहिला उपग्रह सोडला. ३ नोव्हेंबर रोजी दुसरा, म्हणजे लायका नावाच्या कुत्रीला घेऊन गेलेला स्पुटनिक-२ गेला. त्यावर सर्गेई व्हेर्नोव्ह या शास्त्रज्ञांनी किरण मोजणारे गणक बसविले होते. परंतु उपग्रहाचा मार्ग असा होता, की रशियाच्या भूमीवरून जाताना तो खाली असे आणि उंचावर जाई तो दक्षिण गोलार्धात, जेथे संदेश टिपणारी रशियन केंद्रे नव्हती. यंत्र आपले काम करीत होते. पण सर्वांत महत्त्वाची नोंद मालकाच्या हाती पडत नव्हती.

त्यानंतर ३१ जानेवारी १९५८ च्या रात्री अमेरिकेने आपला पहिला उपग्रह एक्स्प्लोरर-१ सोडला. अवघ्या चौदा किलो वजनाच्या या उपग्रहावर आयोवा विद्यापीठाचे प्राध्यापक जेम्स व्हॅन ॲलन यांनी एक गायगर गणक ठेवला होता. कण नळीतून गेला की विजेचा एक लहानसा ठोका पडतो आणि यंत्र एकाची भर घालते, असे त्याचे साधे तत्त्व. उपग्रह खालच्या उंचीवर असताना विश्वकिरणांच्या अंदाजाप्रमाणे आकडे येत. परंतु तो उंच गेला की आकडा एकदम शून्यावर येई. खाली उतरला की पुन्हा ठोके सुरू! जेथे कण अधिक असावयास हवेत, तेथे एकही नाही असे यंत्र सांगत होते.

एखाद्याने यावरून उंचावर किरणोत्सर्ग नाही, असा सरळ निष्कर्ष काढला असता. व्हॅन ॲलन यांनी तसे केले नाही. २६ मार्च १९५८ रोजी एक्स्प्लोरर-३ गेला. त्यावर जॉर्ज लुडविग यांनी तयार केलेला लहानसा टेपरेकॉर्डर होता. संपूर्ण प्रदक्षिणेची नोंद साठवून ती केंद्रावरून जाताना काही क्षणांत खाली पाठविण्याची सोय त्यात होती. आता सबंध चित्र समोर आले. आकडा वाढत वाढत यंत्राच्या कमाल मर्यादेपर्यंत जाई, मग धाडकन शून्य होई, काही काळ शून्यच राही, पुन्हा एकदम कमाल मर्यादेवर येई व ओसरे. तेव्हा कार्ल मॅकिलवेन या तरुण सहकाऱ्याने तसाच एक गणक प्रयोगशाळेत क्ष-किरणांच्या तीव्र झोतासमोर धरला. झोत प्रमाणाबाहेर वाढताच गणकाने शून्य दाखविले!

याचे कारण दुकानदाराला चटकन उमगेल. दाराशी बसलेला गडी एकेक गिऱ्हाईक आत येताना खूण करीत असतो. दिवाळीच्या दिवशी एकाच वेळी झुंबड उडाली, की त्याचा हात हलतच नाही आणि कागद कोरा राहतो. कोऱ्या कागदाचा अर्थ दुकान ओस पडले असा नव्हे. गायगर गणकाचे हेच झाले होते. कण इतके लागोपाठ येत होते, की नळीला दोन ठोक्यांमध्ये सावरण्यास उसंतच मिळत नव्हती. ठोके इतके क्षीण होत की पुढील यंत्रणा ते मोजीतच नसे. प्रत्यक्ष किरणोत्सर्ग अपेक्षेपेक्षा सुमारे हजार पटीने अधिक होता. १ मे १९५८ रोजी व्हॅन ॲलन यांनी ही गोष्ट जगापुढे मांडली आणि पृथ्वीभोवतीच्या त्या पट्ट्यांना पुढे त्यांचेच नाव मिळाले.

बंधू-भगिनींनो, या घटनेतील बोध मला फार मोलाचा वाटतो. शून्य दोन प्रकारचे असते. एक शून्य 'काही नाही' असे सांगते. दुसरे शून्य 'मला मोजता येत नाही' असे सांगते. कागदावर दोन्ही सारखीच दिसतात. त्यांतील भेद ओळखण्यासाठी मापाचीच परीक्षा घ्यावी लागते. आपल्या दुकानातील लोखंडी मीटरवर वजनमापे खात्याचा शिक्का मारून घ्यावा लागतो, तो याचसाठी. गिऱ्हाईकाला कापडाचे माप देण्याआधी आपल्या मापाचे माप झालेले असले पाहिजे.

पट्ट्यांचा शोध लागून चार वर्षे होतात न होतात तोच मनुष्याने त्यांत स्वतःच्या हाताने भर घातली. ९ जुलै १९६२ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातील जॉन्स्टन बेटाच्या वर सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर १.४ मेगाटन शक्तीच्या अण्वस्त्राचा स्फोट केला. 'स्टारफिश प्राइम' हे त्या चाचणीचे नाव. त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात अडकून एक कृत्रिम पट्टा तयार झाला. दुसऱ्याच दिवशी, १० जुलै रोजी, अटलांटिकपलीकडे दूरदर्शनची चित्रे पोहोचविणारा टेलस्टार हा प्रसिद्ध उपग्रह सोडण्यात आला. त्यावर दळणवळणाच्या यंत्रांबरोबर किरणोत्सर्ग मोजणारी उपकरणेही होती. नोव्हेंबरमध्ये टेलस्टार आज्ञा पाळेनासा झाला. त्याच्या आज्ञा उलगडणाऱ्या यंत्रणेतील ट्रान्झिस्टर किरणोत्सर्गाने निकामी होत चालले होते. अभियंत्यांनी युक्तीने वेगळ्या प्रकारचे संदेश पाठवून जानेवारी १९६३ मध्ये त्यास पुन्हा शुद्धीवर आणले. परंतु फेब्रुवारीत तो कायमचा मूक झाला. ब्रिटनचा पहिला उपग्रह एरियल-१ यालाही या स्फोटाची झळ लागली. १९६३ च्या ऑगस्ट महिन्यात अवकाशातील अणुचाचण्यांना बंदी घालणारा करार झाला, हे आपणा सर्वांचे सुदैव.

उपग्रहाला होणारी इजा दोन प्रकारची असते. पहिली हळूहळू साचणारी. यंत्रातील सूक्ष्म भागांत दिवसेंदिवस विद्युतभार अडकत जातो आणि एके दिवशी तो भाग काम सोडतो. दुसरी इजा अकस्मात. एकच जोरदार कण स्मृतिकोशातील एका घरावर आदळतो आणि तेथील शून्याचा एक किंवा एकाचे शून्य होते. खातेवहीतील एखादा आकडा रात्रीतून कोणी बदलून ठेवला, तर केवढा गोंधळ होईल! म्हणून मोजमापही दोन प्रकारचे लागते: एकूण साचलेली मात्रा किती, आणि या क्षणी कणांचा मारा कसा आहे.

शोषलेल्या मात्रेचे एकक 'ग्रे' आहे. एक किलो पदार्थाने एक जूल ऊर्जा शोषली, की ती मात्रा एक ग्रे. माणसाच्या शरीरावर होणारा परिणाम कणाच्या जातीवरही अवलंबून असतो. तो धरून जे एकक करतात ते 'सीव्हर्ट'. त्याचा हजारावा भाग मिलीसीव्हर्ट.

आता मोजण्याच्या पद्धती. पहिली पद्धत कापडवाल्यांना शिकवावी लागत नाही. दुकानाच्या शोकेसमध्ये लावलेली साडी काही महिन्यांनी काढली, की घडीच्या बाहेरचा रंग विटलेला आणि आतला ताजा असतो. रंग किती उतरला यावरून ऊन किती खाल्ले, ते जाणकार सांगतो. साडीने कोणतीही नोंद लिहिलेली नसते; ती स्वतःच नोंद झालेली असते. अवकाशातही असेच पदार्थ ठेवतात. लिथियम फ्लोराइडसारख्या काही स्फटिकांवर किरणोत्सर्ग पडला, की त्याच्या ऊर्जेचा काही अंश आत अडकून राहतो. पुढे तो स्फटिक तापविला, की अडकलेली ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर पडते. जेवढा प्रकाश, तेवढी मात्रा. आपल्या तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने कॅल्शियम सल्फेटच्या स्फटिकांपासून असेच बिल्ले तयार केले, आणि देशातील क्ष-किरण व अणुक्षेत्रातील कर्मचारी ते छातीवर लावतात.

अशा मुक्या साक्षीदारांनी भरलेला एक मोठा उपग्रह अमेरिकेने एप्रिल १९८४ मध्ये अवकाशात सोडला. वर्षभराने तो परत आणावयाचा होता. परंतु जानेवारी १९८६ मध्ये चॅलेंजर यानाचा भीषण अपघात झाला, उड्डाणे थांबली, आणि तो उपग्रह तब्बल पावणेसहा वर्षे तेथेच राहिला. जानेवारी १९९० मध्ये त्यास परत आणून स्फटिक तपासले, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. या उपग्रहाची तोंडे ठराविक दिशांना स्थिर राहत. आणि पूर्वेकडील बाजूपेक्षा पश्चिमेकडील बाजूवर अधिक मात्रा साचली होती. एकाच ताग्याच्या दोन बाजूंवर वेगवेगळे ऊन पडावे, तसे हे झाले. संपूर्ण उपग्रहाला एकच आकडा लावणे बरोबर नाही, हे त्यातून सिद्ध झाले.

याच जातीचा, परंतु अधिक चतुर असा एक प्रयोग आपल्या मुंबईतून गेला, याचा प्रत्येक महाराष्ट्रीयास अभिमान वाटावा. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ सुकुमार बिस्वास यांच्या नेतृत्वाखाली 'अनुराधा' नावाचे उपकरण तयार झाले आणि २९ एप्रिल १९८५ रोजी चॅलेंजर यानातील स्पेसलॅब-३ मोहिमेबरोबर ते अवकाशात गेले. त्यात सीआर-३९ नावाच्या पारदर्शक प्लॅस्टिकचे पत्रे एकावर एक रचलेले होते. हेच प्लॅस्टिक चष्म्याच्या भिंगांसाठी वापरतात. विश्वकिरणांतील जड कण त्यातून गेला, की वाटेत न दिसणारा ओरखडा राहतो. परत आणल्यावर पत्रे कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात ठेवतात. ओरखड्याची जागा लवकर झिजते आणि सूक्ष्मदर्शकाखाली कणाचा माग दिसू लागतो. कण कोणत्या वेळी आला हेही कळावे, म्हणून रचलेल्या थप्पीचा खालचा भाग ठराविक गतीने फिरता ठेवला होता. वरच्या आणि खालच्या मागांमध्ये जेवढा फरक, त्यावरून वेळ काढता येई. साधन साधे, पण युक्ती केवढी!

या मुक्या साक्षीदारांची एक अडचण मात्र आहे. ते परत येईपर्यंत काही कळत नाही. अंतराळवीर घरी आल्यावर त्याला किती मात्रा लागली ते सांगणे म्हणजे दुकान बंद झाल्यावर उधारी किती झाली ते सांगण्यासारखे. हंगेरीच्या शास्त्रज्ञांनी यावर तोड काढली. स्फटिक तापवून तेथल्या तेथे वाचणारे 'पिल्ले' नावाचे लहानसे यंत्र त्यांनी बनविले आणि १९८० साली हंगेरीचे अंतराळवीर बेर्तालान फार्काश यांनी ते सॅल्युत-६ स्थानकावर वापरले. त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या पुढे आंतरराष्ट्रीय स्थानकावरही पोहोचल्या.

जे उपग्रह कधीच परत येत नाहीत, त्यांच्यासाठी मोजलेला आकडा रेडिओवरून खाली पाठविणारी यंत्रे लागतात. सिलिकॉनच्या पातळ चकतीतून कण गेला, की त्याने सोडलेल्या ऊर्जेच्या प्रमाणात विजेचा ठोका मिळतो. कण मोजला जातो आणि त्याची ऊर्जाही मोजली जाते. काही उपग्रहांवर एक खास ट्रान्झिस्टर ठेवतात. त्याच्या आतील पातळ थरात भार साचत जातो आणि तो चालू होण्यास लागणारा दाब बदलतो. जी झीज उपग्रहाच्या इतर भागांना मारते, तीच येथे मोजपट्टी बनते.

आपल्या चांद्रयान-१ वर असेच एक सिलिकॉनचे उपकरण होते. २२ ऑक्टोबर २००८ रोजी श्रीहरिकोटा येथून निघालेल्या या यानावर अकरा उपकरणे होती. पाच आपली आणि सहा परदेशांची. त्यांतील 'रॅडोम' हे चिमुकले मात्रामापक बल्गेरियाच्या विज्ञान अकादमीने दिले होते. उड्डाणानंतर दोन तासांच्या आत ते सुरू झाले. चांद्रयानाने पृथ्वीभोवती लांबट प्रदक्षिणा घालीत आपली कक्षा वाढवीत नेली, त्यामुळे पट्ट्यांतून ते पुनःपुन्हा गेले. इलेक्ट्रॉनांच्या पट्ट्यात ताशी सुमारे ४०,००० मायक्रोग्रेपर्यंत मात्रा नोंदली गेली. चंद्राभोवती १०० किलोमीटरच्या कक्षेत मात्र दर ताशी सुमारे साडेनऊ मायक्रोग्रेवर आला. पृथ्वी ते चंद्र या प्रवासात एकूण सुमारे १.३ ग्रे मात्रा साचली.

हिशेब करण्याची सवय असल्याने मी हे आकडे वहीवर मांडून पाहिले. १.३ ग्रे म्हणजे तेरा लाख मायक्रोग्रे. चंद्राभोवतीच्या दराने एवढी मात्रा साचण्यास सुमारे साडेपंधरा वर्षे लागली असती. ती वाटेतल्या सतराच दिवसांत साचली! हे मापक पातळ आवरणामागे होते, जाड भिंतीच्या यानातील माणसाला ती कमी लागेल, हे खरे. परंतु मुक्कामापेक्षा वाट अधिक जोखमीची असू शकते, आणि ती कोणत्या मार्गाने व किती वेगाने ओलांडावी, हे ठरविण्यास प्रत्यक्ष मोजलेला आकडाच लागतो. पांघरूण गरजेपेक्षा जाड केले तर यानाचे वजन वाढते आणि उपयोगाचे सामान मागे राहते. कमी केले तर यंत्र मरते. अंदाजाने कापड फाडणारा शिंपी दोन्हीकडून बुडतो.

या क्षणी मारा किती, हे जाणण्याचे महत्त्व आपल्याच ॲस्ट्रोसॅट या दुर्बीण-उपग्रहावरून कळते. तो २८ सप्टेंबर २०१५ रोजी सुमारे ६५० किलोमीटर उंचीच्या कक्षेत गेला. पृथ्वीच्या चुंबकाचा मध्य पृथ्वीच्या मध्यापासून थोडा सरकलेला असल्याने ब्राझील व दक्षिण अटलांटिक महासागराच्या वर आतला पट्टा बराच खाली, सुमारे २०० किलोमीटरपर्यंत उतरतो. तेथून जाताना हबल दुर्बिणीचीही निरीक्षणे थांबवावी लागतात. ॲस्ट्रोसॅटची कक्षा विषुववृत्ताशी केवळ सहा अंश कललेली ठेवली, ती या भागाचा त्रास कमी व्हावा म्हणून. तरीही त्यावर टाटा संस्थेने तयार केलेला एक भारितकण-मापक बसविला आहे. कणांची संख्या वाढू लागली की तो इशारा देतो, आणि इतर नाजूक उपकरणांचा विद्युतदाब उतरविला जातो. घरात शिरण्यापूर्वी कुत्रा भुंकतो आणि घरधनी दार लावतो, तशी ही व्यवस्था.

सर्वांत शेवटी माणसाचा विचार. जगात माणसाला निसर्गतः वर्षाला सरासरी सुमारे २.४ मिलीसीव्हर्ट मात्रा मिळते. आंतरराष्ट्रीय स्थानकावर सहा महिने राहणाऱ्यास सुमारे ८० ते १६० मिलीसीव्हर्ट मिळते. म्हणजे जमिनीवरील तेहतीस ते सदुसष्ट वर्षांची जमा अर्ध्या वर्षात! अमेरिकेच्या नासा संस्थेने २०२२ मध्ये आपल्या अंतराळवीरासाठी संपूर्ण कारकिर्दीची मर्यादा ६०० मिलीसीव्हर्ट ठरविली. स्त्री असो वा पुरुष, तरुण असो वा प्रौढ, मर्यादा एकच. हे खाते असे आहे, की त्यात फक्त नावे पडत जाते. जमेच्या बाजूला काहीच लिहिता येत नाही. अशा खात्यात एकही नोंद सुटणे परवडत नाही.

ऑगस्ट १९७२ मध्ये सूर्यावर अतिशय प्रखर वादळ झाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अपोलो-१६ चे वीर चंद्रावरून परतले होते आणि अपोलो-१७ डिसेंबरमध्ये जावयाचे होते. वादळ नेमके मधल्या काळात आले. त्या वेळी कोणी चंद्राच्या पृष्ठभागावर असता, तर त्याच्या प्रकृतीस गंभीर धोका पोहोचला असता. तेथे योगायोगाने रक्षण केले. योगायोगावर पेढी चालत नाही आणि अवकाशयानही चालत नाही. म्हणून आता स्थानकाच्या निरनिराळ्या कक्षांत मापके असतात आणि अंतराळवीरांच्या अंगावरही मापक असते. जून-जुलै २०२५ मधील आपल्या मोहिमेत शुभांशु शुक्ला सुमारे अठरा दिवस त्याच स्थानकावर राहून १५ जुलै रोजी सुखरूप परतले.

या संदर्भात घरातील एक गोष्ट सांगतो. माझे धाकटे बंधू निवृत्तीपूर्वी एका रुग्णालयाच्या क्ष-किरण विभागात तंत्रज्ञ होते. तेथे प्रत्येकास मघाशी सांगितलेला स्फटिकाचा बिल्ला असे व दर तिमाहीस तो तपासणीस जाई. त्यांच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यास बिल्ला लावण्याचा कंटाळा. ते तो टेबलाच्या खणात ठेवून देत. तिमाहीचा अहवाल आला, की त्यांच्या नावापुढे मात्रा नगण्य. ते तो सर्वांना दाखवीत आणि म्हणत, "बघा, मला काही होत नाही!" एके दिवशी बंधू त्यांना शांतपणे म्हणाले, "दादा, हा अहवाल तुमचा नाही. तो खणाचा आहे." ते गृहस्थ क्षणभर गप्प राहिले, आणि दुसऱ्या दिवसापासून बिल्ला छातीवर दिसू लागला. पुढच्या तिमाहीत आकडा आला. तो मर्यादेच्या आतच होता. पण तो त्यांचा स्वतःचा होता.

आजच्या भाषणाचे सार मला यात दिसते. स्पुटनिकचे माप खरे होते, पण नोंद हाती आली नाही. एक्स्प्लोररची नोंद हाती आली, पण शून्याचा अर्थ लावण्यासाठी मापाचीच परीक्षा घ्यावी लागली. खणातील बिल्ला बिनचूक होता, पण तो चुकीच्या जागी होता. माप खरे हवे, ते इजा होते त्याच जागी हवे, आणि त्याची नोंद वेळेवर योग्य हाती पडावयास हवी. या तीन गोष्टी जमल्या तरच हिशेब पुरा होतो. तीनशे-चारशे किलोमीटर उंचीवर जाणाऱ्या आपल्या मुलामुलींचे रक्षण शेवटी या हिशेबावर अवलंबून आहे.

आज या सभागृहात बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी कोणी उद्या अशी यंत्रे तयार करील, कोणी त्यांचे आकडे तपासील. त्यांना माझे एवढेच सांगणे आहे, की आकडा मोठा आला तर सर्वच जण दचकतात व चौकशी करतात. शून्य आले, तर तेवढीच चौकशी करण्याची सवय लावून घ्या.

 

जय जिनेंद्र.